टाइम ऑफिसातले आप्पा

शिरपुरात नोकरी लागायला ओळख लागते आणि सोडायला आप्पा. आग्रा रोडच्या कुठल्याही गिरणीत जा. गेटातून आत शिरलं की टाइम ऑफिस, आणि टाइम ऑफिसात आप्पा. चष्मा कपाळावर, कमरेला कपाटाची किल्ली, खिशात दोन पेनं. त्यांतलं एक चालतं. ते कोणतं, हे मागणाऱ्याला सांगत नाहीत.

सूत कातायच्या रिंगफ्रेमवरचा एखादा कामगार सुरतेला जायचं ठरवतो. तिथे उधन्यात मामा असतो, त्याने काम बघून ठेवलेलं असतं. पोरगा राजीनामा आणतो. आप्पा तो दोनदा वाचतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि टेबलाच्या काचेखाली सरकवतात. "काय घाई शे रे तुले? सुरतले जाईसन काय करशी?" राजीनामा खरा असतो, यावर आप्पांचा मुळी विश्वासच नाही. त्यांच्या मते माणूस रागावतो, चार महिने भटकतो आणि कापूस वेचून झाला की परत गेटावर उभा राहतो. मग उगाच कागद कशाला वाया घालवायचा?

तरीही पोरगा हटून बसला, तर 'नो ड्यूज' सुरू होतं. सह्या चार : स्टोअर, कॅन्टीन, पतसंस्था, गेट. कॅन्टीनचा ठेकेदार बदललेला असतो. नवा म्हणतो, जुन्याची उधारी मला काय ठाऊक, आणि जुना सापडत नाही. स्टोअरवाल्याला डोक्यावरची टोपी परत हवी असते.

"आप्पा, टोपी फाटली. फेकून दिली."

"मग फाटल्याचा पुरावा काय?"

एवढं करून चार सह्या जमल्याच, तर 'साहेब धुयाले गयात', म्हणजे धुळ्याला गेलेले. साहेब आले तर अनुभवाच्या दाखल्याला लेटरहेड संपलेलं. तसं ते खणात वर्तमानपत्राखाली असतं. पण लेटरहेड आप्पा नोटांसारखं मोजून ठेवतात, आणि मोजलेली वस्तू सहजासहजी कुणी देत नाही.

शिकलेला पोरगा असेल तर तो कायदा काढतो. हे मात्र करू नये. कायदा आप्पांना मुखोद्गत आहे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग सेवा, शेवटचा पगार भागिले सव्वीस गुणिले पंधरा, पुन्हा गुणिले सेवेची वर्षं. हा हिशेब ते चहा ओतता ओतता तोंडी करून दाखवतात. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते, हेही तेच सांगतात. फक्त अर्ज आवक रजिस्टरला चढल्याशिवाय त्या तीस दिवसांतला पहिला दिवस उजाडत नाही, आणि रजिस्टर साहेबांच्या केबिनमध्ये असतं. फॉर्म सोळा पंधरा जूनपर्यंत द्यायचा असतो, हेही त्यांना मान्य आहे. "पन कोनता जून, ते इचारू नको."

यात पैशाचा संबंध नाही, हे आप्पांच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. ते कुणाचा चहा घेत नाहीत. उलट स्वतःचा पाजतात. खरी गोष्ट वेगळीच आहे. पगार होता तोवर पोरगा महिन्यातून एकदा खिडकीशी यायचा, तोही मान वर न करता. आता तोच सुरतेहून दर शनिवारी फोन करतो, "आप्पा, तब्येत कशी आहे?" विचारतो, गुडघ्याला तेल सुचवतो. कागद हातात पडला की हा फोन बंद होणार, हे आप्पांना अनुभवाने माहीत आहे. अनुभवाचा दाखला देणाऱ्याला एवढा अनुभव असायचाच.

पण एखाद्या दिवशी आप्पा प्रसन्न होतात. लेटरहेड निघतं. एका बोटाने टायपिंग होतं आणि 'वर्तणूक'पाशी येऊन बोट थांबतं. 'समाधानकारक' की 'चांगली'? 'उत्तम' ते फक्त निवृत्त झालेल्यांना देतात. त्यांची आता बिघडायची भीती नसते. आप्पा खिडकीबाहेर बघतात, पोऱ्याकडे बघतात, पुन्हा खिडकीबाहेर. 'समाधानकारक' उमटतं. मग शिक्का. पॅड वाळलेलं, म्हणून आप्पा शिक्क्यावर 'हा' करून वाफ सोडतात आणि दाबून धरतात. गिरणीचं निम्मं नाव उमटतं. उरलेलं निम्मं सुरतेच्या साहेबाने समजून घ्यायचं.

२०२० साली मात्र सरकारने आप्पांच्या पोटावर पाय दिला. प्रॉव्हिडंट फंडात नोकरी सोडल्याची तारीख कामगाराने स्वतःच मोबाइलवर भरायची सोय झाली. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पुरे. पोरं खूश झाली. आप्पांची खिडकी आठवडाभर ओस पडली. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त चहा एकच कप येऊ लागला.

मग सुरतेहून पहिला फोन आला. तारीख भरण्यासाठी खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि ते जोडलं जात नव्हतं. आधारवरचा ज्ञानेश्वर इंग्रजी 'डी'ने सुरू होत होता. आप्पांनी भरती करताना तो 'जी'ने लिहिलेला. आणि नाव दुरुस्तीला कंपनीची मंजुरी हवी होती. ज्ञानेश्वर रात्रीच्या गाडीने आला, सकाळी खिडकीशी उभा राहिला. आप्पांनी दोन कप सांगितले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि दोन्ही स्पेलिंगं सावकाश वाचली.

"दोन्ही बराबर शेतस," ते म्हणाले. "पन साहेबले इचारनं पडी. आनि साहेब धुयाले गयात."