मुरू दे जरा!

लालबागच्या आमच्या चाळीत भाऊंनी कुठलीही गोष्ट ताजी असताना वापरल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मे महिन्यात मसाला गल्लीत ताटकळून कुटून आणलेला मालवणी मसाला त्यांच्या घरात दिवाळीनंतरच आमटीला लागतो. लोणच्याची बरणी वर्ष झाल्याशिवाय उघडत नाही. नवा शर्टसुद्धा कपाटात दोन गणपती काढतो. प्रश्न मुलीच्या लग्नाचा असो की गळक्या नळाचा, भाऊंचं उत्तर ठरलेलं: "मुरू दे जरा."

नोकरी जन्मभर स्टोअरकीपरची. आधी गिरणीत, 1982च्या संपात तिथला भोंगा थांबला, मग एका औषध कंपनीत. 'आधी आलेला माल आधी बाहेर' हा नियम त्यांनी तिथे सगळ्यांकडून कडकपणे पाळून घेतला. घरी येताना मात्र तो चपलांबरोबर दाराबाहेरच काढून ठेवला.

असा हा माणूस सहा महिने अमेरिकेला मुलाकडे गेला आणि घरी बिअर करायला शिकून आला. तिकडे केंद्राच्या 1978च्या कायद्याने घरगुती बिअरवरचा कर उठवला. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलनची मुभा. इकडे 1949चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय करणं गुन्हा, प्यायलासुद्धा परवाना. भाऊंनी कायदा नीट समजून घेतला आणि बिअरचं नाव बदललं. "जवाचं पाणी आहे. किडनीला चांगलं."

एका खेपेला वीस लिटर. भंगारवाल्याकडच्या 650 मिलीच्या तीस बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, तारीख, बॅच नंबर. मुक्काम पोटमाळ्यावर, थेट पत्र्याखाली. रजिस्टरात आवक नोंदलेली, जावकेचा रकाना कोरा.

आता बिअरची गोष्ट अशी, की बाटली भरताना तिच्यात चिमूटभर साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, गॅस धरतो, दोन-तीन आठवड्यांत काम होतं. त्यापुढे पाचेक टक्क्यांच्या साध्या बिअरला वय वाढवून काही मिळत नाही. आधी हॉप्सचा वास उतरतो. मग बाटलीच्या गळ्यात राहिलेली हवा आपला हिशेब चुकता करते आणि घोटाघोटाला ओला पुठ्ठा लागायला लागतो. उकाडा असला की हे सगळं कितीतरी लवकर. ठेवल्याने सुधारतात त्या आठ-नऊ टक्क्यांच्या वरच्या, गडद, जड बिअर. पण त्यांनाही बारा-तेरा अंशांचं अंधारं तळघर हवं, आणि मुंबईत जमिनीखालची थंड जागा फक्त मेट्रोकडे आहे.

हे मी समजावायला गेलो, तर भाऊ उखडले. "वाईन मुरते, रम मुरते, मग बिअरनेच काय पाप केलंय?"

दोन हिरव्या बाटल्या त्यांनी शोभेला खिडकीत ठेवल्या होत्या. उन्हाने हॉप्समधलं कडू द्रव्य फुटतं आणि बिअरला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास येतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी नाही. चाळीत स्कंक कोणी पाहिलेला नसल्यामुळे सगळ्यांनी चिचुंद्रीवर भागवलं.

पुढे मे महिन्यात एका दुपारी पोटमाळ्यावर धडाधड आवाज झाले. साखर घालताना भाऊंचा हात सैल सुटला होता. खाली वहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पिवळा फेस ठिबकत होता.

"अहो, तुमची किडनी फुटली बघा!" वहिनी कडाडल्या.

भाऊ शिडीवर चढले, काचा वेचता वेचता वरूनच म्हणाले, "म्हणजे जीव आहे अजून आत. मुरतेय."

शेवटी तोड काढली ती चाळीतल्या पोरांनी. बाटल्या भरून तीन आठवडे झाले की एकजण धापा टाकत जिन्यातून ओरडतो, "भाऊ, उत्पादन शुल्कवाले भारतमाता टॉकीजपर्यंत आलेत!" भाऊंचा चेहरा पांढरा पडतो. माल बाळगणं म्हणजे पुरावा बाळगणं. तीसच्या तीस बाटल्या खाली उतरतात, बर्फ घातलेल्या टबात बसतात आणि स्टीलच्या पेल्यांतून पुराव्याची विल्हेवाट लागते. बिअर असते झकास. फेस टिकलेला, हॉप्सचा वास शाबूत, पुठ्ठ्याचा मागमूस नाही. कायदा आणि रसायनशास्त्र यांचं एकमत झालेलं मी एवढ्या एकाच बाबतीत पाहिलं: माल घरात ठेवू नका.

दर वेळी धाड भारतमातापाशीच कशी अडते, हे भाऊ विचारत नाहीत. ते चष्मा लावतात, रजिस्टर उघडतात आणि जावकेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहितात: 'नग 30. घट. कारण: सरकारी.'