वाघाचं गुत्तं

आमच्या माकणीत कुठलंही काम निघालं की आधी एकच वाद होतो: गुत्त्यानं द्यायचं की रोजानं? सोयाबीनची काढणी असो, विहिरीतला गाळ असो की लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक. या वादाचे सरन्यायाधीश आमचे आप्पा. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्या हातून काम होत नाही आणि त्याला विचारल्याशिवाय कुणाचंच होत नाही.

2024च्या उन्हाळ्यात आप्पांनी ताडोबाला जाऊन वाघ बघायचं काढलं. मग ओघानंच आलं, गुत्त्यानं की आपलं आपण?

पहिला फोन गेला लातूरच्या एका ट्रॅव्हलवाल्याला. गाडी, मुक्काम, जेवण, जिप्सी, गाईड, सगळं एका रकमेत.

"आन् वाघ?"

"त्याची खात्री देता येत नाही, काका."

आप्पांनी फोन ठेवला. "गुरुजी, रान रिकामं करून देतो म्हणल्याशिवाय कुणी काढणीचं गुत्तं देतंय का?"

मी म्हणालो, मग आपणच बुकिंग करू. तर आप्पांना गुत्तेदाराचे गुण आठवले. "आवो, साहेब लोकसुदिक गुत्तंच द्यायचे. नागपूरला ॲल्विन कूपर कंपनी हुती शिकारीची. तंबू, मचाण, खानसामा, हाकारे, समदं तिच्याकडं. काढली कुणी? विद्याचरण शुक्लांनी. तेच पुढं आणीबाणीत नभोवाणी मंत्री. हाकारा घालायची सवय वाया गेली न्हाई!"

आप्पांचे आजोबाही निजामाच्या राज्यात 'शिकारी' होते. खोदून विचारल्यावर कळतं, हाकाऱ्यांत डबा वाजवायला होते. 1970ला वाघाची शिकार बंद झाली, 1972ला कायदा आला. तेवढ्यानं आपली बंदूक खाली राहिली, असं आप्पा सांगतात. डब्याचं काय झालं ते सांगत नाहीत.

चौकशी चालूच राहिली. मंगळवारी ताडोबा बंद असतो, हे कळल्यावर आप्पांनी मंगळवारच्या भावात सूट मागून पाहिली. जिप्सीत सहा जण बसतात म्हणताच "सातवा मांडीवर?" असं विचारलं. तेवढ्यात एक जुलै उजाडला आणि पावसाळ्यासाठी जंगलाचा गाभाच बंद झाला. दिवाळीला पुन्हा फोन सुरू झाले.

आणि डिसेंबरात बातमी आली. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ सुमारे पाचशे किलोमीटर तोडून आपल्याच जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाटात येऊन बसला होता. अभयारण्य ते केवढं, बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं! त्याला पकडायला पथकं आली, बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारणारे आले. महिने गेले, वाघ काही घावला नाही.

आप्पांचा चेहरा उजळला. "बगा गुरुजी! सरकारनं गुत्तं दिलं तरी वाघ घावला का?"

"मग चला की येडशीला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

आप्पांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली. "कशाला? हा वाघ गुत्त्याचा न्हाई, रोजानं चालणारा हाय. रोज थोडं थोडं. पाचशे आला, आता माकणी किती ऱ्हायली?"

तेव्हापासून आप्पा संध्याकाळी तेरणेच्या धरणाकडं फिरायला जातात. वाघ पाण्याला येईल म्हणतात. अंधार पडायच्या आत मात्र घरी परततात.