दुसऱ्या पाळीच्या आजी

जर्मनीतल्या मराठी घरात बाळ जन्मलं की आज्या पाळीपाळीने येतात. शेंगेनचा व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून बाळंतपण आईकडच्या आजी उरकतात आणि दात वडिलांकडच्या आजींच्या वाट्याला येतात. पहिल्या पाळीला डिंकाचे लाडू आणि फोटो. दुसरीला लाळ, रात्रीची रड आणि फ्रँकफर्टच्या कस्टमवाल्याला सहाण म्हणजे काय ते समजावणं.

बाळाने मूठ चघळली की आजींचं निदान तयार. पुढे शी पातळ झाली, ताप आला, शेजारचा कुत्रा भुंकला, तरी कारण दातच. मुलगा सांगतो, "आई, डॉक्टर म्हणतात दातांनी खरा ताप येत नाही." आजी म्हणतात, "तुला दात आले तेव्हा रात्रभर डॉक्टर जागत होते की मी?" यावर वाद संपतो.

आजींच्या बॅगेत टाकणखार असतो. त्याची लाही मधात खलून हिरड्यांना चोळायची. सून घाबरते, आणि बरोबरच घाबरते: टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध वर्ज्य, कारण बोट्युलिझमची भीती. पुडी सगळ्यात वरच्या फळीवर जाते. आजी दोन दिवस सुनेशी फक्त बाळामार्फत बोलतात.

मग वरात अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात. तिथे डेंटिनॉक्स जेल मिळतं, त्यात लिडोकेन आणि कॅमोमाइल. आजी हुंगून "शेवंतीच्या नात्यातलं दिसतंय" म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण चिरंजीव आयटीतले, त्यांनी माहितीपत्रक तोंडपाठ केलेलं. शिवाय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लिडोकेनच्या द्रावणाबद्दल २०१४ साली आणि बेंझोकेनबद्दल २०१८ साली दिलेले इशारे ते भर दुकानात वाचून दाखवतात. भूल देणारं जेल लाळेबरोबर घशात उतरतं, बधिरता फार टिकत नाही, जास्त झालं तर धोका. आजींना हे ऐकून अपार समाधान: "म्हणजे तुमच्याही पुडीत खोट आहेच!"

होमिओपॅथीच्या जनकाच्या, हानेमानच्या देशात दातांसाठीही साबुदाण्यासारख्या गोळ्या मिळतात; त्यांवर आजी खूश, मुलगा नाखूश. अंबरची माळ त्यांना नजरेसाठीही बरी वाटते, पण ती गळ्याला आवळण्याची भीती असल्याने बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. आणि मग येतं आयरिसचं वाळवलेलं मूळ, बाळाने चघळायचं. आजींचा चेहरा उजळतो. "अगं, हे तर आपल्या ज्येष्ठमधासारखंच! आणि एवढे युरो?" ते मूळ ओलं राहिलं की त्यात जंतू वाढतात, हे वाक्य त्यांना त्या दिवशी ऐकूच येत नाही.

शेवटी बाळ शांत होतं ते फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) गार केलेल्या रबरी कड्याने आणि आजींच्या स्वच्छ धुतलेल्या बोटाने. श्रेय कोणाचं, यावर पुण्याला रोज व्हिडिओ कॉल होतो. पहिला दात दिसतो तोवर परतीचं तिकीट जवळ आलेलं असतं. दुधाचे दात वीस, सगळे यायला अडीच-तीन वर्षं लागतात, आणि व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच.