बॅनर कुणाचा

आमच्या घराण्यात संगीत नव्हतं, पण आवाज सगळ्यांना होता. तेवढ्या भांडवलावर आम्ही एके काळी हैदराबादेत ऑर्केस्ट्रा काढला. दादा आणि ताई गात, मधला भाऊ अकॉर्डियन ओढी, चुलतभाऊ बोंगो बडवी आणि मला सगळ्यात धाकटा म्हणून खंजिरी दिली होती. तीही दर तिसऱ्या गाण्याला. काकांच्या हातात वाद्य नव्हतं, कारण ती सगळी वाद्यं त्यांच्या स्कूटरवर येत.

एकाच ताग्यातून सगळ्यांचे शर्ट शिवले. उरलेल्या कापडाचे दिवाणखान्याचे पडदे झाले. घरी तालीम चाले तेव्हा आल्यागेल्याला गाणारे कोण आणि खिडक्या कुठल्या, हे चटकन कळत नसे. काचीगुड्याच्या गणपतीत जमलं, मग सुलतान बाजारात एका लग्नात जमलं, मग बारशी, मुंजी. बिदागी सुरुवातीला शाल आणि नारळ. नारळाची चटणी होई, ती सगळ्यांच्या पानात पडे. पुढे पाकीट येऊ लागलं आणि कुरबुर सुरू झाली.

त्याहून मोठी कटकट माइकची. मांडववाल्याकडे एकच माइक असायचा आणि त्याच्या स्टँडचा स्क्रू कधी घट्ट बसायचा नाही. गाणं सुरू झालं की माइक तसूतसूने खाली येई. दादाचा मुखडा ताठ मानेने होई, पहिल्या अंतऱ्याला तो पोक काढी आणि दुसऱ्या अंतऱ्याला यजमानांच्या पाया पडल्यासारखा दिसे. लोकांना वाटे, काय नम्र मुलगा! ताईचं म्हणणं एवढंच, की वर असलेला माइक एकदा तरी आपल्या वाट्याला यावा.

आणि काकांना एक गाणं हवं होतं. फक्त एक. काकांचा गळा हा आमच्याकडे उघड न बोलण्याचा विषय होता. दादाने तोंडावर ‘नक्को’ म्हटलं. (हा शब्द दखनीने मराठीकडून घेतला आणि क दुप्पट करून परत केला, असं माझं मत आहे. साध्या ‘नको’त समजूत घालायला थोडी जागा असते, ‘नक्को’त दार लागतं.) काकांनी शांतपणे मागचा बॅनर सोडला, घडी घातली आणि स्कूटरला किक मारली. बॅनरवर आमचं आडनाव आणि पुढे ‘म्युझिकल पार्टी’. आडनाव आजोबांचं, पण पेंटरचे पैसे काकांनी दिलेले.

पुढे कळलं, की अमेरिकेत याच तऱ्हेचं भांडण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं होतं. गॅरी गावच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या जॅक्सनची गाणारी पाच मुलं. १९७०च्या एका वर्षात त्यांची लागोपाठ चार गाणी तिकडे पहिल्या क्रमांकावर गेली. १९७५मध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सोडायची ठरली, तर ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव कंपनीचं निघालं. पोरं बापाची, नाव कंपनीचं! शिवाय पाचांतला जर्मेन मागेच राहिला, कारण मोटाउनचा मालक त्याचा सासरा होता. हे वाचून आमच्या आईला फार बरं वाटलं. सासुरवाडीमुळे घर फुटतं, हे ती नेहमीच सांगत आली होती.

मग वाटतं, आमच्याच हैदराबादेत कव्वाली गाणाऱ्या वारसी मंडळींचं कसं निभावलं? बहादूरशहा जफरच्या दरबारातले तानरस खाँ १८५७नंतर दिल्ली उजाड झाल्यावर फिरत फिरत निजामाच्या आसऱ्याला आले. त्यांच्याच वंशातल्या अझीझ अहमद खाँ वारसींना १९७१मध्ये पद्मश्री मिळाली आणि आता त्यांचे नातू नसीर आणि नझीर, म्हणजे वारसी बंधू, कव्वाली गातात. मधे १९४८मध्ये निजामाचं राज्यही गेलं. एका घराण्याने दोन दरबार मावळताना पाहिले. आमचं घराणं एका गाण्यापायी मोडलं.

कव्वाली ऐकायला बसलो की मी हल्ली पुढच्या ओळीकडे कमी आणि मागच्या ओळीकडे जास्त बघतो. पुढे गळ्याचे मालक, पेटी. मागे टाळीवाले. मांडी घालून, तळहात छातीसमोर धरून, चेहऱ्यावर कुणाचं देणं नसल्याचा भाव. पुढचा गवई एका मिसऱ्यावर अडून तो आठ-दहा तऱ्हांनी उलटापालटा करतो, तोवर मागचा ठेका हलत नाही. आणि ओळ उचलायची वेळ आली की तीच मंडळी तोंड उघडतात, तेव्हा त्यातला कुठला गळा कुणाचा, हे कुणी विचारत नाही. मला दर वेळी त्या ओळीच्या टोकाला आमचे काका दिसतात. सदऱ्याच्या बाह्या सारून, अगदी तालात. टाळी त्यांची खरंच चांगली होती. गणपतीच्या आरतीला सगळी गल्ली त्यांच्या टाळीवर चाले. ऑर्केस्ट्रात मात्र टाळ्या वाजवायच्या त्या समोर बसून, असा आमचा समज.

परवा उन्हाळ्यात काकांकडे गेलो होतो. दादाही बरोबर होता. चहा झाला, उस्मानिया बिस्किटं झाली, आणि दादाने इतक्या वर्षांनी विचारलं, “काका, तो बॅनर आहे का हो अजून?”

“हौ, आहे की,” काका म्हणाले आणि गच्चीकडे बोट दाखवलं.

वर कडक ऊन होतं. बॅनर चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून पसरला होता आणि त्यावर काकूने सांडगे घातले होते. आडनाव पूर्ण झाकलं गेलं होतं. ‘पार्टी’ तेवढं दिसत होतं, तेही एका बाजूने. दादा वाकून नीट बघायला लागला.

“पाय नको देऊस,” काका मागून म्हणाले, “ओले आहेत.”