थरार आणि ऱ्हस्व-दीर्घ

कसोटी क्रिकेटात पाच-पाच दिवस निकाल लागत नाही, तरी जाणकार त्याला थरार म्हणतात. कोल्हापुरात पाटाकडील-खंडोबा फुटबॉल सामना नव्वद मिनिटांत शाहू स्टेडियम दणाणून सोडतो. आमच्या जयसिंगपूरचा खेळ निराळा: ऊस परिषद. पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसदराच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा पुकारला की शिट्ट्या. निकाल मात्र जादा वेळेत, तोही कारखानदार मैदानात आले तर!

निकाल गावाच्या नावाच्या स्पेलिंगचाही लागत नाही. इंग्रज ‘कलर’मध्ये यू घालतात, अमेरिकन गाळतात. इथं शाहू महाराजांच्या वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव मिरवणाऱ्या गावाच्या इंग्रजी पाट्यांवर कुठं वाय, कुठं आय. मराठीत तरी सुटका? जयसिंगपूर दीर्घ, जयसिंगपुरात ऱ्हस्व. २०१९ साली आमचा शिरोळ तालुका कितीतरी दिवस पाण्यात होता. व्याकरणानुसार तेव्हाही ‘पुरात’ ऱ्हस्वच.