त्यांचा टॉवर, आमचा पुनर्विकास

रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या कोथरूडच्या गल्लीत निषेध सभा झाली. स्थळ, आमच्या सोसायटीचं पार्किंग. निमित्त, कोपऱ्यावरची तीन मजली इमारत पाडून तिथे अकरा मजले उभे राहणार. खुर्च्या मांडववाल्याच्या, चहा सोसायटीचा, संताप ज्याचा त्याचा.

आधी सूर्याचा विषय निघाला. टॉवर झाला की सकाळचं ऊन जाणार, मग वाळवणं घालायची कुठे, असं एका काकूंनी विचारलं. काकू गेली वीस वर्षं पापड विकतचे आणतात, पण प्रश्न तत्त्वाचा होता. मग पाणी. उन्हाळ्यात आत्ताच टँकर येतो. चव्वेचाळीस नवे फ्लॅट झाले तर टँकरलाच इथे राहायला यावं लागेल. मग पार्किंग. एका फ्लॅटमागे तीन गाड्या बाळगणारे एक गृहस्थ वाहनांच्या बेसुमार वाढीवर इतक्या कळकळीने बोलले की दोघांना गहिवरून आलं.

शेवटी गाडी संस्कृतीवर, म्हणजे ‘बाहेरचे लोक येतील’ यावर आली. कोथरूडमध्ये बाहेरचे कोण हे ओळखणं सोपं आहे. आपल्यानंतर आले ते सगळे. आम्ही 1984 साली सदाशिव पेठेतून इथे आलो, तेव्हा आमचा पाया गावकऱ्यांच्या शेतात खणला गेला होता. पण तो इतिहास, आणि पुण्याचा इतिहास पेशवाईपाशी संपतो. ‘इथलं भाडं परवडत नाही म्हणून आपलीच पोरं वाकड-रावेतला गेली, ती परत आली तर बाहेरची का?’ असं मागून एकाने विचारलं. विषय सोडून बोलू नका, अशी त्याला समज देण्यात आली.

‘या परिसरातील सुविधांवर आणखी ताण पडू देऊ नये’ या निवेदनावर बासष्ट सह्या झाल्या. साडेसातला सभा संपली. खुर्च्या मात्र उचलल्या नाहीत, कारण आठ वाजता त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांची विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय: आपल्या इमारतीचा पुनर्विकास.

आता ताण फक्त एकच होता, बिल्डर किती टक्के वाढीव कार्पेट देईल याचा. वाळवणवाल्या काकू नवव्या मजल्यासाठी अडून बसल्या. पूर्वेचाच हवा, ऊन भरपूर येतं. तीन गाड्यावाल्यांनी दरडोई दोन पार्किंग मागितली. टँकरचं नावही कुणी काढलं नाही. 2019 च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाला 51 टक्के संमती पुरते. आमच्याकडे शंभर टक्के मिळाली. याच सोसायटीत जिन्यातला बल्ब कोणता लावावा यावर तीन सभा होऊनही एकमत झालेलं नाही.

एवढ्यात आर्किटेक्ट उठले आणि त्यांनी सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतलं. आपली गल्ली सहा मीटरची. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मूळ 1.1 एफएसआयवरच, म्हणजे प्लॉटच्या 1.1 पट बांधकामावरच, भागवायचं. पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, दुसरीकडून विकत आणलेला टीडीआर नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला तर तोच आकडा 2 वर जातो. कोपऱ्यावरच्यांचं तोंड मोठ्या रस्त्याला, म्हणून त्यांचं फावलं.

पार्किंगमध्ये सुतकी शांतता पसरली. 2020 सालीच महापालिकेत सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता. तेव्हा ‘हे बिल्डरांचं भलं करायला चाललंय’ म्हणून याच पार्किंगमध्ये आम्ही निषेध केला होता. खुर्च्यासुद्धा याच मांडववाल्याच्या होत्या.

चेअरमननी घसा खाकरला. रुंदीकरण ही काळाची गरज आहे, असं त्यांचं मत झालं होतं. साधारण मिनिटापूर्वी. लगेच दुसरं निवेदन तयार झालं: गल्ली नऊ मीटरची करावी, मात्र लागणारे तीन मीटर समोरच्या ओळीतून घ्यावेत. पेन तेच होतं, शाई अजून शिल्लक होती.

मंगळवारी कळलं की समोरच्या ओळीनेही असाच अर्ज दिलाय. त्यांनी तीन मीटर आमच्या बाजूचे मागितलेत. दिवसभर दोन्हीकडचे काका एकमेकांकडे बघेनात. मग संध्याकाळी आर्किटेक्टचा फोन आला. महापालिकेने दोघांचंही ऐकलं तर गल्ली थेट बारा मीटरची होईल, आणि बारा मीटरला टीडीआर आणखी वाढून मिळतो.

येत्या रविवारी समोरच्यांना चहाला बोलावलंय. मांडववाल्याला जास्तीच्या खुर्च्या सांगितल्यात.