डोंगरावरचा कॅशियर

आमचे अण्णामामा सांगलीच्या एका बँकेत छत्तीस वर्षं कॅशियर होते. निवृत्तीनंतर मुलाकडे पेनसिल्व्हेनियात आले आणि मोजायला काही उरलं नाही. पंधरा दिवस त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या गाड्या मोजल्या. मग नातवानं त्यांना हॉक माउंटनवर नेलं. तिथं माणसं नुसती पक्षी मोजायला बसतात आणि बरीचशी बिनपगारी बसतात, हे कळल्यावर अमेरिकेबद्दलचा त्यांचा आदर दुणावला.

इथली वसंतातली गणती १ एप्रिलला सुरू होते आणि १५ मेपर्यंत चालते. एप्रिलच्या आरंभी त्या खडकांवर बसणं म्हणजे बर्फाच्या लादीवर बसणं. मामा माकडटोपी, दोन स्वेटर, वर सुनेचं जॅकेट, देवघरातलं आसन आणि थालीपिठाचा डबा अशा सरंजामानिशी जातात. आकाश निरभ्र असलं की कपाळाला आठ्या घालतात. निळ्यात ठिपका हरवतो. मागे पांढरा ढग हवा आणि पाठीशी दक्षिणेचा वारा हवा.

सुरुवातीला सगळंच अवघड होतं. सांगलीकराच्या लेखी आकाशातली वस्तू एक तर घार, नाही तर कावळा. पहिल्या दिवशी मामांनी बांबूवरचं घुबडही मोजलं. ते प्लास्टिकचं असून ससाण्यांना चिडवून जवळ आणण्यासाठी लावलेलं आहे, हे कळल्यावर त्यांनी ती नोंद रीतसर रद्द करून बाजूला सही केली. आता मात्र अर्ध्या मैलावरच्या ससाण्याच्या शेपटीचं टोक चौकोनी (म्हणजे शार्पशिन) की गोल (म्हणजे कूपर्स) यावर ते तासभर भांडतात. मामी कुठली साडी नेसल्या होत्या, हे त्यांना आजवर एकदाही सांगता आलेलं नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धात ब्रॉडविंग ससाणे येतात. गरम हवेच्या झोतावर ताकात रवी फिरावी तसे गरगरत वर चढतात. नवखे तिथंच मोजायला लागतात आणि घोटाळा करतात. मामा शांत. "काउंटरवर झुंबड असताना मोजायचं नसतं. रांग लागू द्या." वर पोचल्यावर पक्षी खरंच एकामागून एक सरळ रेषेत घरंगळत निघतात, आणि मामा मोजतात.

कशावर? मामींच्या बोटातल्या जपाच्या काउंटरवर. घाईत तोच हाताशी आला. संध्याकाळी मामींच्या रामनामात सदतीस ब्रॉडविंग जमा झालेले निघाले.

"देवाच्या खात्यात पाखरं?" मामी कडाडल्या.

"गरुड विष्णूचंच वाहन," मामा म्हणाले. पण रात्री त्यांना झोप लागली नाही.

डोंगराचा इतिहास मामा पाहुण्यांना खातेवहीसारखा वाचून दाखवतात. पूर्वी इथं लोक ससाण्यांना गोळ्या घालत. १९२९ मध्ये राज्यानं गॉसहॉक जातीच्या ससाण्यावर पाच डॉलर इनाम लावलं होतं. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी सुमारे १४०० एकर डोंगर भाडेपट्ट्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवलं. ब्राउन नुसते बसले नाहीत, मोजत बसले. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्या बाल्ड ईगलांत शंभरात चाळीस पिल्लं पहिल्या वर्षाची होती. १९५५ ते ५९ मध्ये वीसच उरली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हे आकडे कीटकनाशकांविरुद्ध मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली.

"अफरातफर कशी सापडली? रोजच्या नोंदीमुळं," मामा समारोप करतात.

परवा मी त्यांच्याबरोबर चार तास कुडकुडलो. एक पक्षी नाही. मामांनी दर तासाला वारा, तापमान लिहिलं आणि पुढं ठळक शून्य काढलं. मी म्हटलं, "मामा, काही आलंच नाही तर लिहायचं कशाला? ओळ कोरी सोडा."

मामांनी माकडटोपी वर सरकवून माझ्याकडं पाहिलं. बिनसहीचा चेक घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडं ते असंच बघत असणार. "कोऱ्या ओळीत उद्या कोणीही काहीही लिहील. शून्याचा अर्थ, माणूस इथं बसला होता."

डोंगराचा हिशेब असा चोख आहे. मामींच्या जपात मात्र सदतीसचा फरक अजून निघतो.